चारशे वीस गोण्या आणि वर पाच

मी शिबिराला गेले ती तास भरायला, हे आधीच सांगून टाकते. एनएसएसमध्ये, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत, दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर, असा हिशेब असतो. पहिल्या वर्षीचे माझे तास वृक्षदिंडीत चालून, रक्तदात्यांना बिस्किटं वाटून आणि विसर्जनाला निर्माल्य गोळा करून भरले होते. शिबिर मात्र ताप आल्याचं सांगून चुकवलं होतं. ताप आला नव्हता. या वर्षी मॅडमनी वहीत नावासमोर लाल खूण केली आणि म्हणाल्या, "यंदा ताप शिबिर झाल्यावर आण."

गाव अकोले तालुक्यातलं, राजूरच्या पुढे डोंगराच्या कुशीत चढलेली एक वाडी. नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना विचारलेलं नाही.

८ जानेवारी

सकाळी साडेसहाला पुण्यात कॉलेजच्या फाटकाशी पन्नास जण, सर, मॅडम, दोन सिलिंडर, तांदळाची पोती आणि रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांचे गठ्ठे. गोण्या महिनाभर बांधकामांवर हिंडून मागून आणलेल्या. त्या बसच्या मागच्या सीटवर रचल्या होत्या आणि प्रत्येक गतिरोधकाला थोडं थोडं सिमेंट हवेत उडत होतं. मंचरपर्यंत मागच्या तीन रांगा चाळिशी ओलांडलेल्या दिसायला लागल्या.

चहाला नारायणगावात थांबलो. चौकात शे-दीडशे माणसं उभी होती. बायकांच्या कडेवर पोरं, हातात पिशव्या, काहींच्या पिशवीतून खुरप्याची मूठ बाहेर आलेली. एखादा पिकअप थांबला की सगळे तिकडे सरकायचे, थोडी बोलाचाली व्हायची, दहा-बारा जण मागे चढायचे आणि गाडी निघायची. आमच्यातल्या एकाने विचारलं, "मोर्चा आहे का?" चहावाला म्हणाला, "रोजचाच आहे. मजूर आहेत, द्राक्षं-टोमॅटोला." आम्ही चहा संपवला आणि बसमध्ये येऊन अंताक्षरी पुढे सुरू केली.

चंदनापुरी घाट, संगमनेर, अकोले. अकोल्यापर्यंत रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आणि दोन्ही बाजूंना हिरवं. राजूर सोडलं आणि रंगच बदलला. पिवळं वाळलेलं गवत, काळा कातळ, वर निळसर सुळके. शेवटच्या चढाला बसने मान टाकली. ड्रायव्हरकाका खाली उतरले, चाकाकडे बघितलं, चढाकडे बघितलं आणि म्हणाले, "इथून पुढं देवाचं नाव घ्या." दोन किलोमीटर सामान डोक्यावर घेऊन चाललो. सिलिंडर बांबूला बांधून चौघांनी डोलीसारखा नेला. निम्म्या वाटेत शाळेची पोरं धावत खाली आली आणि आमच्या पिशव्या हिसकावूनच घेतल्या. पहिलीतल्या एका पोरीने माझी उशी डोक्यावर घेतली आणि माझ्या पुढे पळत सुटली. आम्ही गावाची सेवा करायला आलो होतो आणि आमची पथारी गाव वाहत होतं.

मुली जिल्हा परिषदेच्या शाळेत, मुलं समाजमंदिरात. चार गट पाडले आणि त्यांना तालुक्यातल्या नद्यांची नावं दिली: प्रवरा, मुळा, आढळा, म्हाळुंगी. मी आढळा गटात.

संध्याकाळी सरपंचताई भेटायला आल्या. शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'पाणी अडवा, पाणी जिरवा' लिहिलं होतं आणि त्याखाली चुन्यातून आणखी एक जुनी घोषणा डोकावत होती. तीही पाण्याचीच. आमच्या सामानात रंगाचे डबे बघून त्या म्हणाल्या, "भिंत रंगवा की. फक्त या खेपेला पाण्याचं नका लिहू. दोनदा लिहून झालंय."

थंडी अशी की रात्री दोन पांघरुणांत एकेकटी झोपलेल्या आम्ही पहाटे चार पांघरुणांत चौघी सापडलो.

जाणाऱ्यांसाठी इथेच सांगते. जानेवारीत या भागात जायचं तर ब्लँकेट दोन घ्या, कानटोपीला लाजू नका. टॉर्च प्रत्येकाकडे हवी, गटात एक असून भागत नाही. टिकाव-फावडं हातात धरायचं आहे, तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधीच घ्या. मुलींनी पॅडसोबत जुनी वर्तमानपत्रं आणि एक बंद पिशवी ठेवावी, कारण वाडीत कचरा न्यायला कोणी येत नाही. जे नेलं ते परत आणायचं. आणि स्वयंपाकाला शहरातून आचारी नेऊ नका. आम्ही गावातल्या बचत गटाला काम दिलं. पैसे गावात राहिले आणि सात दिवस आम्ही घरच्यापेक्षा बरं जेवलो.

९ जानेवारी

साडेपाचला शिट्टी, मग प्रार्थना, व्यायाम, चहा-पोहे आणि आठला ओढ्यावर.

काम होतं वनराई बंधाऱ्याचं. रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं आणि त्या ओढ्यात आडव्या रचून वाहतं पाणी थोपवायचं. सिमेंट नाही, यंत्र नाही. हा बंधारा एका हंगामापुरताच असतो, पुढच्या पावसात वाहून जातो. म्हणजे दर वर्षी नव्याने बांधायचा. खरं तर तो पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात घालतात, जेव्हा ओढ्याला भरपूर धार असते. आम्ही जानेवारीत उगवलो, कारण आमच्या परीक्षा डिसेंबरात संपतात. ओढ्याला आमचं वेळापत्रक कोणी कळवलं नव्हतं. तरी धार होती, करंगळीपेक्षा जाड आणि मनगटापेक्षा बारीक.

मला एक गोष्ट काही केल्या पटत नव्हती. हा मुलूख पावसाचा आहे. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात कित्येक वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. खाली भंडारदऱ्याचं धरण आहे, १९२६ साली पुरं झालेलं, अकरा टीएमसीचं. मग पाणी अडवायला आम्ही कशाला? वाडीतल्या शाळेच्या गुरुजींनी पायाखालच्या जमिनीवर टाच आपटून दाखवली. वीतभर माती आणि खाली सलग कातळ. पाऊस पडतो तो घसरगुंडीवरून उतरावा तसा उतरतो आणि प्रवरेतून धरणात जातो. धरण खाली, वाडी वर. पावसाळ्यात वाडी ओलीचिंब असते आणि होळीनंतर हंडे घेऊन उतरते.

आम्ही जोरात सुरुवात केली. मुळा गटाने गोण्या गळ्यापर्यंत ठासून भरल्या, मग त्या उचलेनात. म्हाळुंगी गटाने अर्ध्या भरल्या, त्या रचल्यावर बसून गेल्या. आमच्या गटाने गोणीवर गोण, अगदी सरळ रेषेत, एकावर एक चार थर चढवले. फोटो काढला. फोटो काढेपर्यंत उभा होता. मग मधल्या फटीतून पाणी आलं, एक गोण सरकली आणि तिच्यामागून सगळी ओळ.

हंडा घेऊन एक आजी वरच्या पायवाटेवर उभ्या होत्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. पदर तोंडाला लावून हसत म्हणाल्या, "पोरींनो, वीट कशी रचत्यात, बघितली नाय का कधी?"

खरंच की. शहरात जन्म गेला, घरासमोर वर्षभर बांधकाम बघितलं, पण सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही हे डोक्यात आलं नव्हतं. आजींनी हंडा ठेवला, साडी खोचली आणि पाण्यात उतरल्या. सगळ्यात आधी आम्ही रचलेलं सगळं काढायला लावलं. तळाची रेती आणि गोटे उपसून कातळ लागेपर्यंत तळ साफ करायला लावला. गोण पाऊणच्या आतच भरायची, म्हणजे ती पसरून शेजारणीला चिकटते. तोंड दाभण आणि सुतळीने शिवायचं, नुसती गाठ मारायची नाही. तळाला तीन गोण्यांची रुंदी, वर जाताना एक. दर थराला मध्ये चिकणमातीचा गारा. "आणि दोन्ही काठात खणून गोण आत शिरली पाहिजे," त्या म्हणाल्या, "नायतर पानी बांधाला हात न लावता बगलेतून जातं."

डाव्या काठाला माती मऊ होती. उजव्या काठाला उंबराची मुळं लागली. दोन टिकावांचे दांडे ढिले झाल्यावर आम्ही तिथलं खणणं आवरतं घेतलं. हे लक्षात ठेवा.

दुपारपर्यंत एक थर नीट झाला. पन्नास जणांचा एक थर! सरांनी मोजलं, सत्तर गोण्या. एका गोणीचं वजन चाळीस किलोच्या आसपास. रात्री जेवताना निम्म्या लोकांना भाकरी तोडता येत नव्हती, बोटं मिटतच नव्हती.

अवजारांबद्दल एक सल्ला. पन्नास माणसांना पन्नास फावडी लागत नाहीत. आठ-दहा टिकाव, पंधरा फावडी, पंचवीस-तीस घमेली आणि बाकीच्यांची साखळी. दाभण मात्र जितकी नेता येतील तितकी न्या. आमच्याकडे चार होती. गोण्या भरून पडायच्या आणि शिवणाऱ्यांसमोर रांग लागायची.

१० जानेवारी

सकाळी श्रमदान, दुपारी ग्रामसर्वेक्षण. छापील फॉर्म घेऊन घरोघरी जायचं: कुटुंबात किती माणसं, शिक्षण, शेती, शौचालय आहे का, वापरात आहे का.

आमच्या वाट्याला सतरा घरं आली. सहांना कुलूप. सातव्या घरात कालच्याच आजी. शेणाने सारवलेली ओसरी, कोपऱ्यात कणगी, भिंतीला टांगलेले दुधीचे वाळके भोपळे. मी पेन काढून विचारलं, "घरात किती जण, आजी?"

"आज का पावसाळ्यात?"

फॉर्मवर एकच चौकोन होता.

भात काढला की वाडीतली तरणी माणसं मजुरीला उतरतात, नारायणगाव-ओतूरकडे. पोरगा, सून आणि धाकटी नात तिकडे, थोरली नात आजीजवळ, शाळेसाठी. शेजारची कुलपं तशीच. माझ्या डोळ्यांसमोर परवाचा चौक आला. त्या घोळक्यातले कोणी इथलेच असतील. आम्ही मोर्चा समजून अंताक्षरीत 'म' वरून गाणं शोधत होतो.

"म्हणून बांध राहिला यंदा," आजी म्हणाल्या. "दर साली दिवाळीच्या पुढं-मागं पोरं घालत्यात. यंदा मुकादम लवकर आला."

म्हणजे गावाला बंधारा घालता येत नव्हता असं काही नाही. हात गावात नव्हते. आम्ही कोणाला काही शिकवायला आलोच नव्हतो, गैरहजर माणसांच्या जागी बदली कामगार म्हणून आलो होतो. सरांच्या उद्घाटनाच्या भाषणात 'जनजागृती' हा शब्द चार-पाचदा तरी आला होता. इथे सगळे जागेच होते.

पुढचा प्रश्न शौचालयाचा. होतं. दार उघडून बघितलं तर आत सरपण, नीट रचलेलं, सांध्यावर सांधा न येऊ देता. मी फॉर्मवर 'वापरात नाही' लिहायला लागले. आजी म्हणाल्या, "लिव्ह. पन ह्येबी लिव्ह, की एका माणसामागं बादलीभर पानी वर वाहून आणावं लागतं." तेवढी जागा फॉर्मवर नव्हती. मी समासात लिहिलं.

निघताना त्यांनी राखेत घोळवून गाडग्यात ठेवलेलं बी दाखवलं. वाल, हुलगे, आणि काळभात नावाचा इथला जुना तांदूळ. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं राखण्यासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, हे मला पाठ होतं, सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून. आजीला म्हटलं तर म्हणाल्या, "तिनं लई जमावलं. आमी आपलं घरापुरतं." आणि मूठभर वाल माझ्या ओढणीत बांधले.

रात्री व्यक्तिमत्त्व विकासावर व्याख्यान होतं. वक्ते चांगले होते, पण जेवणानंतर, सतरंजीवर, दिवसभर गोण्या उचललेल्या पन्नास जणांसमोर साक्षात बृहस्पती आला असता तरी हेच झालं असतं. मुळा गट बसल्या जागी आडवा झाला. व्याख्यानं संध्याकाळी चहानंतर ठेवा, जेवणानंतर शेकोटी.

शेकोटीला मात्र कोणी झोपलं नाही. वाडीतले एक म्हातारे बाबा राघोजी भांगऱ्यांची गोष्ट सांगत होते. याच तालुक्यातल्या देवगावचे, सावकारांविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध उठाव केलेले, २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले. बाबा सांगताना डोंगराकडे हात करायचे, "ह्या खिंडीतून", "त्या कपारीत", जणू सगळं गेल्या आठवड्यात घडलं. १८५७ च्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. बारावीपर्यंत इतिहास घेतलेल्या आमच्यातल्या कोणालाही ती माहीत नव्हती.

११ जानेवारी

आरोग्य तपासणी. सकाळी अकराला ठेवली आणि गावातलं कोणीही आलं नाही. अकराला माणसं रानात असतात, हे आम्हाला तीन दिवसांत कळायला हवं होतं. डॉक्टरांनी वेळ जावा म्हणून आमचंच हिमोग्लोबिन तपासलं आणि निम्म्या मुलींना झापलं. सहा वाजता पुन्हा टेबल मांडलं तर रांग समाजमंदिरापर्यंत गेली. बाकी दिवस भिंत रंगवण्यात गेला. काय लिहायचं यावर गटांत भांडणं झाली, शेवटी सरपंचताईंनाच विचारलं. "पाढे लिहा. दोन ते तीस." लिहिले. सत्तावीसचा पाढा लिहिताना आमच्या बी.कॉम.च्या टॉपरने हळूच मोबाईल काढला. चौथीतल्या पोराने बघितलं.

१२ जानेवारी

जिजाऊंची जयंती आणि विवेकानंदांचीही, म्हणजे राष्ट्रीय युवा दिन. सकाळी प्रभातफेरी काढली. गावात आजी-आजोबा आणि शाळेची पोरं एवढेच, तरी 'युवाशक्ती'च्या घोषणा दिल्या. आज्यांनी ओवाळलं.

फेरीत एका पोराने माझ्या एनएसएसच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं. "ताई, हे चाक कशाचं?" कोणार्कच्या सूर्यमंदिराचं, मी सांगितलं. आठ आरे म्हणजे आठ प्रहर, म्हणजे चोवीस तास सेवेला तयार. त्याने विचार केला. "मग काल दुपारी झोपले होते ते सर कोण?"

आज बंधारा संपवायचा होता. चार दिवसांत हात सरावले होते. भरणारे, शिवणारे, वाहणारे, रचणारे, सगळे न सांगता आपापल्या जागी. दुपारी बारा-साडेबाराला शेवटचा थर बसला. नऊ मीटर लांब, कमरेला लागेल एवढा उंच. म्हाळुंगीच्या हिशेबनिसाने वहीतली बेरीज केली आणि मोठ्याने वाचली, "एकूण चारशे वीस गोण्या."

क्षणभर शांतता आणि मग हशा. सर हसले नाहीत. "अहवालात चारशे वीस? विद्यापीठात वाचतील तेव्हा?" कोणीतरी म्हणालं, "सर, चारशे पंचवीस लिहू." सर गंभीर झाले. "खोटं लिहायचं नाही. पाच भरा."

पाच गोण्या भरल्या. ठेवायच्या कुठे? बंधारा तर पुरा झाला होता. शेवटी मधोमध वरती ठेवल्या, मुकुटासारख्या. फोटोत छान दिसल्या. आजी पायवाटेवरून बघत होत्या. त्या दिवशी काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत पाणी वीतभर चढलं. रात्री टॉर्च घेऊन आम्ही सहा जणी पुन्हा बघायला गेलो, मॅडमची परवानगी न काढता. तिथे मॅडम आधीच उभ्या होत्या.

१३ जानेवारी

भोगी. न खाई भोगी तो सदा रोगी, हे आईच्या तोंडून दर वर्षी ऐकते आणि दर वर्षी भाजीतली वांगी बाजूला काढते. इथे काढली नाहीत. बचत गटाच्या काकूंनी पहाटेच चुली पेटवल्या होत्या. वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे सोलाणे, वांगी, गाजर, बोरं, तिळाचं कूट, सगळं एका पातेल्यात. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, ज्यांना हवी त्यांना नागलीची, आणि खुरासणीची काळी चटणी. ही चटणी पहिल्या दिवशी मी बोटाने चाखून ठेवून दिली होती. सहाव्या दिवशी भाकरीआधी ती मागितली. नागलीची भाकरी कशी थापतात ते शिकायला बसले. पीठ गरम पाण्यात उकडून मळावं लागतं, नाहीतर फुटते. माझ्या पहिल्या भाकरीचा नकाशा झाला, काकूंनी तो तव्यावर टाकला आणि म्हणाल्या, "हा तुमच्या सरांना वाढू."

त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरात दोघांना जेवायला बोलावलं होतं, म्हणजे आम्ही दोनदा जेवलो. मला आणि माझ्या मैत्रिणीला आजींकडचं आमंत्रण. पाण्याचा तांब्या पुढे करताना आजी सहज म्हणाल्या, "आज खालच्या झऱ्यावर नाय गेले. बांधातलं आणलं, गाळून." मी तांब्या दोन्ही हातांनी धरला. शहाणपणाने सांगायचं तर असं साठवलेलं पाणी उकळूनच प्यावं, शिबिराच्या स्वयंपाकघरात आम्ही तेच करत होतो. तिथे मात्र मी काही न बोलता प्यायले. पोट ठीक राहिलं.

थोरली नात, तीच जिने पहिल्या दिवशी माझी उशी नेली होती, माझ्या मांडीवर बसून पाढा म्हणत होती. सत्तावीसचा नाही, दोनचा.

१४ जानेवारी

संक्रांत. समारोपाच्या कार्यक्रमात भाषणं झाली, त्यांचा वृत्तान्त अहवालात येईलच. तिळगूळ वाटला. गट घेऊन जाणाऱ्यांनी निघायच्या दिवशी एक तास मोकळा ठेवावा. आम्ही ठेवला नव्हता आणि निरोप घेत घेत बस दीड तास खोळंबली. मॅडमनी एक चांगली गोष्ट केली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दहा जण येऊन बांध घालू लागतील, असं गुरुजींच्या वहीत लिहून दिलं आणि दहा जणांच्या सह्या घेतल्या. माझी सही तिसरी आहे.

उताराला आजी आडव्या आल्या. हातात कापडी पिशवी, तोंड सुतळीने शिवलेलं, आमच्याच दाभणाने. "नारायणगावावरून जाता ना? पोराला द्या. त्याला फोन केलाय, चौकात येईल." आत तांदूळ, तिळाचे लाडू आणि नागलीचं पीठ. सरांनी ड्रायव्हरकाकांकडे बघितलं. काका म्हणाले, "बायपास कोणाला पायजे?"

राजूरला पेढे घेतले. मग बसमध्ये सगळे मेल्यासारखे झोपले.

नारायणगावात पोचलो तेव्हा अंधार पडत होता. चौक आता रिकामा होता. चहाच्या टपरीपाशी एक तिशीचा माणूस उभा होता. डोक्यावर टोपी, पँटीवर औषध फवारल्याचे पांढरे डाग. पिशवी हातात घेऊन त्याने आधी शिवण बघितली आणि हसला. "आईचा टाका हाय." आम्ही दहा-बारा जण उतरलो होतो. पोरगी बरी आहे, पाढा म्हणते, असं सगळ्यांनी एकदम सांगितलं. मग त्याने विचारलं, "बांध घातला म्हनं तुमी. पानी कुठवर आलं?"

मी मोबाईलवर फोटो काढून दिला. मुकुट घातलेला बंधारा, समोर पन्नास जण, सगळ्यांची बोटं व्हीच्या आकारात. त्याने आम्हाला बघितलंच नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला, डावीकडे सरकवला, मग उजवीकडे. उंबरापाशी थांबला.

"हितं गोण आत शिरली नाय."

"मुळं लागली तिथे," मी म्हटलं.

"मुळाच्या खालून खणायचं असतं. आठ दिसांत पानी हितून फिरंल." त्याने फोटो पुन्हा मधोमध आणला. "आन् ह्या वरच्या पाच कशाला?"

आमच्यातल्या कोणीच उत्तर दिलं नाही. हिशेबनीस टपरीवरचा दरफलक वाचायला लागला.

त्याने खिशातून स्वतःचा फोन काढून लावला. "आये, पिशवी पोचली. ऐक, त्या मधल्या वरच्या पाच गोण्या काढ आन् उंबराखाली घाल." पलीकडून आजी काहीतरी बोलल्या. तो ऐकत राहिला, मग आमच्याकडे बघून फोन थोडा बाजूला केला.

"म्हणती, सकाळी तुमची गाडी वळली तवाच घातल्या."